जन्माचं सार्थक: गोदाकाठच्या उत्तरांचा आढावा

परभणी जिल्ह्यात माणसाचा जन्म कशासाठी, हा प्रश्न एकांतात बसून विचारावा लागत नाही. सुगी आटोपली की गावोगाव अखंड हरिनाम सप्ताहाचे मंडप पडतात आणि लाउडस्पीकरवरून तो प्रश्न आसपासच्या वस्त्यांनाही ऐकू जातो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा-भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, म्हणून पहाऱ्याच्या पाळ्या लावलेल्या. कीर्तनकार अभंग कोणताही घेवो, पहिल्या अर्ध्या तासात चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा यायचाच. किडामुंगी होऊन, पशुपक्षी होऊन वणवण केली तेव्हा कुठे हा नरदेह मिळाला. तो खाण्यात आणि झोपण्यात घालवला तर गोठ्यातल्या बैलात आणि तुमच्यात फरक काय राहिला? मंडप माना डोलावतो. त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात सोयाबीनचा भाव घोळत असतो. महाराजांनाही ते ठाऊक असतं, म्हणून पुढचा दृष्टान्त ते सोयाबीनचाच देतात.

मंडपामागे चुलवणं पेटलेली असतात आणि गावातल्या बाया पंगतीच्या पोळ्या लाटत असतात. नरदेहाचं सार्थक कशात आहे याचं निरूपण त्यांच्या कानावर तुकड्यातुकड्यानं पडतं.

जिल्हा तसा लहान. नऊ तालुके, आणि २०११ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ३६ हजार माणसं. पण पाथरीपासून पूर्णेपर्यंत गोदावरीच्या काठानं चालत गेलं तर वारकरी, दत्तसंप्रदायी, लिंगायत, सूफी, बौद्ध अशी सगळी उत्तरं शेजारीशेजारी भेटतात; जैनांचं ऐकायला थोडं उत्तरेला, जिंतूरच्या डोंगरात जावं लागतं. सगळे रस्ते अखेर एकाच ठिकाणी जातात, असं अशा वेळी म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. सभागृहाच्या उद्घाटनाला ते शोभूनही दिसतं. मला मात्र ते खरं वाटत नाही. या उत्तरांचं आपसात कडाक्याचं भांडण आहे, आणि ते मोक्ष आहे की नाही यावरून नाही. भांडण आहे रोजच्या कामाचं काय करायचं यावरून. प्रपंच ही सुटून जायची जागा आहे, देव भेटायची जागा आहे, की कुणीतरी आपल्या माथी मारलेली आणि म्हणून बदलून घ्यायची जागा आहे?

शास्त्राचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: धर्म, अर्थ, काम, मोक्ष. पहिल्या तिघांनी माणसाला चौथ्याच्या दाराशी नेऊन सोडायचं. वारकऱ्यांनी या चौकटीत एक खोडी काढून ठेवली. भक्ती हा पाचवा पुरुषार्थ मानून त्यांनी तो चौथ्याच्याही वर बसवला. मुक्ती नको, पुन्हा जन्म दे, पण तुझी सेवा घडू दे, अशी मागणी संत करू लागले तेव्हा सुटकेचं सगळं तर्कशास्त्र उलटंपालटं झालं. ज्याला परत इथंच यायचं आहे त्याला इथल्या कामाला तुच्छ कसं म्हणता येईल? १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली त्यानंतरच्या दोन पिढ्यांत हे उलटणं घडलं, आणि त्यातला सर्वांत धीट आवाज गंगाखेडच्या एका मोलकरणीचा होता.

जनाबाईचा जन्म गंगाखेडचा. बापाचं नाव दमा, आईचं करुंड. दोघं विठ्ठलाचे भक्त. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी आली आणि जन्मभर स्वतःला नामयाची दासी म्हणवत राहिली. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. त्यांतला देव काय करतो ते जरा जवळून पाहावं. तो दळू लागतो. शेण्या वेचतो. पाणी भरतो, धुणं धुतो, तिच्या डोक्यातल्या उवा काढतो. भल्याभल्या टीकाकारांनी याला वात्सल्य, माधुर्य अशी गोड नावं देऊन ठेवली आहेत. माझ्या मते जनाबाई इथं एक सडेतोड सिद्धान्त मांडते. साधकानं काम टाकून देवाकडे जायचं, ही आजवरची दिशा. जनाबाईकडे देवालाच काम करायला यावं लागतं. तिला ध्यानाला बसायला वेळ नव्हता. घरात माणसं पुष्कळ, दळण रोजचं. अशा बाईला मोक्षमार्ग सांगायचा तर तो जात्यापाशीच सांगावा लागेल, आणि तो सांगायला दुसरं कुणी येईना म्हणून तिनं स्वतःच सांगितला.

तिच्याविषयीची पदकाची गोष्ट मराठवाड्यात लहान पोरांनाही ठाऊक असते. विठ्ठलाच्या गळ्यातलं पदक नाहीसं होतं, संशय जनीवर येतो, तिला सुळावर द्यायचं ठरतं आणि सुळाचं पाणी होतं. चमत्कार बाजूला ठेवला तरी गोष्टीची सुरुवात अस्सल आहे. देवाघरी चोरी झाली तरी पहिला संशय मोलकरणीवरच येतो.

नामदेवांबरोबर १३५० साली पंढरपूरला महाद्वारात समाधी घेणाऱ्यांत तीही होती असं परंपरा मानते. गंगाखेडलाही गोदाकाठी तिची समाधी दाखवतात. याच गंगाखेडला दक्षिण काशी म्हणतात आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून लोक अस्थी घेऊन इथं येतात. घाटावर न्हावी, भटजी, पिंडाचा भात, झाडावर टपलेले कावळे. मेलेल्याला पुढे कुठे पाठवायचं याची सगळी व्यवस्था तिथं चोख आहे. जिच्या नावानं गाव ओळखलं जातं ती मात्र पुढे जायला तयारच नव्हती.

नामदेवांचं गाव नरसी आणि त्यांच्या गुरूंचं ठिकाण औंढा नागनाथ, ही दोन्ही १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा निघाला तोवर परभणी जिल्ह्यातच होती. औंढ्याची कथा सर्वश्रुत आहे. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी पाय उचलून जिथं ठेवावेत तिथं पिंड उगवावी. पंढरीच्या विटेवरच देव आहे असं मानणाऱ्या भक्ताचा तो सगळीकडे आहे हा धडा. तो किती मुरला याची साक्ष गुरू ग्रंथसाहिबात आहे, तिथं नामदेवांची ६१ पदं आहेत. जनाबाईचा देव घरात आला, नामदेवांचा घराबाहेर पडून पंजाबपर्यंत गेला. या दोन दिशा एकाच घरातून फुटल्या. त्यातली दुसरी पुरुषालाच परवडणारी होती, हे नमूद करून पुढे जातो.

पाथरीचं प्रकरण निराळंच. शिर्डीचे साईबाबा मूळचे पाथरीचे, असा दावा १९७० च्या दशकापासून जोर धरू लागला. भुसारी घराण्याचं नाव पुढे आलं आणि १९९९ मध्ये पाथरीला मंदिर उभं राहिलं. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारनं पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची भाषा केली आणि शिर्डीकरांनी १९ तारखेला बंद पाळला. ज्या फकिरानं जात, गाव, आईबाप यांविषयी १५ ऑक्टोबर १९१८ ला देह ठेवेपर्यंत धड काही सांगितलं नाही, त्याच्या जन्मगावावरून दोन गावं हमरीतुमरीवर आली. सेलूचाही यात वाटा आहे. कीर्तनकार दासगणूंनी सेलूच्या गोपाळराव देशमुखांना साईंचे गुरू ठरवलं आणि तीही श्रद्धा इकडे जिवंत आहे.

या वादापेक्षा आपल्या विषयाला जवळची गोष्ट साईसच्चरितात सापडते. एक धनिक टांगा करून शिर्डीला येतो आणि म्हणतो, मला ब्रह्मज्ञान द्या, जरा लवकर द्या, टांगा खोळंबला आहे. बाबा त्याला बसवून घेतात आणि एका पोराला नंदू मारवाड्याकडे पाच रुपये उसने आणायला पिटाळतात. तो घरी नसतो. मग बाळा वाण्याकडे, तिथंही नाही. पोराच्या खेपा चालूच. पाहुण्याच्या खिशात अडीचशे रुपयांच्या नोटांचं पुडकं आहे, पण पाच रुपये काढायला त्याचा हात होत नाही. वर ब्रह्मज्ञानाचं काय झालं म्हणून त्याचा तगादा. जीवनाच्या अंतिम हेतूवरचं इतकं नेमकं निरूपण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. हल्ली तालुक्याच्या गावांतही मंगल कार्यालयं घेऊन आनंदी जीवनाची शिबिरं होतात. शुल्क भरून तीन दिवसांत आयुष्याचा उद्देश हाती पडतो म्हणे. टांग्याच्या जागी चारचाकी आली, एवढाच बदल.

सुटकेच्या बाजूनं बोलणारेही इथं तितकेच ठाम आहेत, आणि त्यांची बाजू हलकी नाही. जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैनांची भुयारी मंदिरं आहेत. वाकून, अंग चोरून आत शिरावं लागतं आणि मग एकेका गाभाऱ्यात तीर्थंकराची भली मोठी मूर्ती समोर येते. पार्श्वनाथांची एक मूर्ती जेमतेम एका लहानशा दगडावर तोललेली दाखवतात. जैनांचं उत्तर तिथल्या अंधारासारखं गार आणि स्पष्ट आहे: जीवाला कर्माची पुटं चढली आहेत, सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य यांनी ती उतरवायची, कुणी देव येऊन दळू लागणार नाही. यात सांत्वन कमी आणि जबाबदारी जास्त. पाथरी तालुक्यात गुंजला गोदावरीच्या काठी टेंबेस्वामींचे शिष्य योगानंद सरस्वती यांची समाधी आहे. तिथल्या दत्तपरंपरेत संन्यास, अनुष्ठान, सोवळं-ओवळं, गुरूची आज्ञा यांना मान. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी याच्या अगदी उलट टोक धरलं. त्यांच्या शिकवणीत कायक, म्हणजे घामाचं काम, हीच पूजा. काम टाकून देणाऱ्याला तिथं थारा नाही. पुढे मन्मथस्वामींनी परमरहस्य मराठीत रचलं आणि मराठवाड्यातल्या लिंगायत घरांत ते आजही वाचलं जातं. कायक आणि जनाबाईचं जातं यांची गाठ घालून द्यायचा मोह होतो, पण एक फरक विसरता येत नाही. कायक करणारा आपल्या धंद्याचा धनी असतो. जनाबाई दुसऱ्याच्या घरचं दळत होती.

परभणी शहरात हजरत तुराबुल हक यांचा दर्गा आहे. फेब्रुवारीत उरूस भरतो तेव्हा शहराचं अर्धं बोलणं त्याचंच असतं, मग बोलणारा कोणत्याही धर्माचा असो. इस्लामचं मूळ उत्तर निःसंदिग्ध आहे: माणूस घडवला तो एका अल्लाहच्या इबादतीसाठी, आयुष्य ही परीक्षा आणि हिशेब कयामतीच्या दिवशी. उरुसाला येणारी गर्दी मात्र मूल, आजारपण, नोकरी, पोरीचं लग्न अशी मागणी घेऊन येते. कडवे मौलवी यावर नाराज असतात, जसे शुद्ध वेदान्ती नवसाच्या बोकडावर नाराज असतात. मला या नाराजीत फारसा दम दिसत नाही. मागायला येणाऱ्याला कमी लेखणं हा पोट भरलेल्यांचा छंद आहे.

आता पूर्णा. रेल्वेचं जंक्शन म्हणून वाढलेलं हे गाव, आणि इथला बुद्धविहार व दरवर्षीची धम्म परिषद यांचं नाव मराठवाडाभर आहे. वर सांगितलेल्या सगळ्या उत्तरांना खरं आव्हान इथून मिळतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्म स्वीकारला. त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ पुढच्या वर्षी, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी प्रश्नच पालटून टाकला. आत्मा आणि ईश्वर यांचं नातं हा मुळात विषयच नाही. विषय आहे माणसाचं माणसाशी नातं. धर्माला जग कसं सुरू झालं ते सांगायचं असतं, धम्माला ते नव्यानं बांधायचं असतं, अशी त्यांची मांडणी आहे.

सिद्धार्थानं घर का सोडलं, याचा त्यांनी दिलेला खुलासाही याच अंगानं जातो. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून राजपुत्राला वैराग्य आलं, ही पारंपरिक कथा त्यांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे कोणाला पटेल? त्यांनी कारण दिलं ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या तंट्याचं. सिद्धार्थानं लढाईला विरोध केला, संघानं त्याला पर्याय दिले आणि त्यानं परिव्राजक होणं पत्करलं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेती असणाऱ्या परभणीकराला पाण्याचा तंटा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. जीवनाच्या अर्थाचा शोध पाणीवाटपाच्या भांडणातून सुरू होतो, ही कल्पना मला आंबेडकरांच्या सगळ्या धर्मचिंतनात सर्वांत मोलाची वाटते.

पूर्णेहून गंगाखेडकडे पाहिलं की जनाबाईचं चित्र बदलतं. देव दळू लागला हे छान, पण जातं कोणाचं होतं? दासीला मुक्तीपेक्षा दासीपणच गोड वाटू लागलं तर त्यात धन्याची सोय नाही का? सप्ताहाच्या मंडपात जनीवर डोळ्यांत पाणी आणून बोलणारं गाव १९७८ च्या विद्यापीठ-नामांतराच्या दंगलीत दलित वस्तीशी कसं वागलं, हा प्रश्न मराठवाड्यातल्या कैक गावांना विचारता येतो आणि विचारला गेला आहे. यावर भक्तीच्या बाजूनं मिळणारी उत्तरं बहुतेक लंगडी असतात. माझं मत असं की हा आक्षेप कीर्तनकारांना जितका लागू आहे तितका खुद्द जनाबाईला नाही. तिच्या अभंगांत देवाला शिव्या आहेत, धाक आहे, हुकूम आहेत. लीन दासीचा सूर त्यात आहे, पण तेवढाच नाही. तिची धार बोथट करून तिला गोड करण्याचं काम नंतरच्यांनी केलं. तरीही पूर्णेचा प्रश्न उरतोच, कारण धार असूनही तिचं जातं सुटलं नाही.

अर्थाचा शोध किती वाकडा जाऊ शकतो, हेही याच जिल्ह्यानं पाहिलं आहे. १९७२ च्या अखेरीपासून वर्षभराहून अधिक काळ मानवतला एकामागून एक बाया आणि मुली मारल्या गेल्या. गुप्तधन मिळावं, मूल व्हावं यासाठी हे बळी दिल्याचं तपासातून समोर आलं आणि मानवतचं नाव देशभर नको त्या कारणानं पोचलं. जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ साल उजाडलं, तेही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. हा विषय अध्यात्माच्या आढाव्यात कशाला, असं कुणी म्हणेल. पण अदृश्य शक्तीशी सौदा करता येतो, ही समजूत आणि नवस यांच्यात सीमारेषा कुठे आहे ते श्रद्धावंतांनीच आखून दाखवायला हवं. ते काम त्यांनी बव्हंशी पोलिसांवर सोडलं आहे.

संन्यास आणि जग यांचा तिढा एका माणसानं आपल्यापुरता सोडवला होता. १९३२ मध्ये संन्यास घेतलेले स्वामी रामानंद तीर्थ मठात बसले नाहीत; शाळा चालवली, मग हैदराबाद स्टेट काँग्रेसचं नेतृत्व केलं, तुरुंगात गेले. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ साली परतूरला, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली भरलं आणि तिथून इकडच्या राजकीय जागृतीला आकार आला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत भगव्या कफनीला या भागात एक निश्चित अर्थ होता. स्वातंत्र्य आलं आणि तो अर्थ सरला. नंतरच्या कफन्यांना तो पुन्हा सापडलेला नाही.

उरला शेतकरी. टॉलस्टॉयनं आपल्या ‘कन्फेशन’मध्ये लिहून ठेवलं आहे की पन्नाशीच्या सुमाराला, कीर्ती, जमीन, कुटुंब सगळं हाताशी असताना जगण्याचा अर्थ हरवला आणि गळफास घेऊ नये म्हणून त्यानं घरातला दोर नजरेआड केला, शिकारीला बंदूक नेणं सोडलं. त्याला सावरलं ते आसपासच्या शेतकऱ्यांनी. कष्ट, दारिद्र्य, मरण सगळं सोसून ही माणसं श्रद्धेनं जगतात, तेव्हा अर्थ त्यांच्यापाशीच असणार, असं त्यानं ठरवलं. जमीनदाराला प्रश्न पडला आणि कुळानं उत्तर दिलं. मराठवाड्यात गेली पंचवीसएक वर्षं हे उलटं झालं आहे. इथं दोर कुळाच्याच हातात आहे. गळ्यात तुळशीची माळ असलेला, वारी केलेला, सप्ताहात पहारा दिलेला माणूस कीटकनाशकाची बाटली तोंडाला लावतो, तेव्हा टॉलस्टॉयचं उत्तर इथं चालत नाही.

कीर्तनकार अलीकडे या विषयावर बोलतात, काही जण कळकळीनं बोलतात. पण चौऱ्यांशी लक्ष योनींच्या चौकटीत आत्महत्येला एकच जागा आहे: दुर्लभ नरदेह वाया घालवला. म्हणजे दोष पुन्हा गेलेल्याचाच. पूर्णेची चौकट विचारील की त्याला तिथवर कुणी आणलं. ती बाजारभाव, कर्ज आणि पाणी यांचं बोलेल आणि बरोबर बोलेल. पण रात्री दोन वाजता एकट्या बसलेल्या माणसाला त्या क्षणी पुनर्रचनेचा आधार पुरत नाही. तिथं जनाबाईच्या देवासारखं कुणीतरी शेजारी येऊन बसलं आहे असं वाटावं लागतं. दोन्ही उत्तरं एका मंडपात आली तर बरं, असं वाटतं खरं. मंडप कुणाच्या वर्गणीचा आणि कुणाच्या वस्तीत, इथपासूनच अडतं.

गेलेल्याच्या घरी दहावा-तेरावा होतो, अस्थी गंगाखेडला जातात आणि सरकारी मदतीसाठी तहसीलची फाइल सुरू होते. समिती बसते ती प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवायला. जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का. बटाईनं करणारा असेल, उसनवारी सोयऱ्याधायऱ्यांकडची असेल, तर अपात्र. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यातले काही रोख आणि उरलेले बायकोच्या नावे ठेव म्हणून. पुढच्या वर्षी सप्ताहाची वर्गणी त्या घरालाही पडते आणि पोळ्या लाटायला तीही जाते.